बसला म्हटलं की बसला

विश्वास हा जगातला सगळ्यात भक्कम जोड आहे, असं बेंबळीच्या अलीकडच्या माळावरच्या यार्डात, फाटकावर, ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. फलक दोन तारांनी बांधला होता. त्यातली एक दिवाळीतच तुटली. तेव्हापासून विश्वास एका कोपऱ्यावर लोंबकळत होता आणि येणाऱ्या ड्रायव्हरला तो मान तिरकी करून वाचावा लागे.

आयुब मान तिरकी करत नसे. विश्वासाबद्दल त्याला जे काही माहीत होतं ते रेवणप्पांनी शिकवलेलं होतं, आणि ते बरोबर उलटं होतं.

रेवणप्पा तेरचे. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी आयुबला क्लीनरच्या जागेवरून उठवून स्टिअरिंगमागं बसवलं, तेव्हापासून ते त्याचे उस्ताद. शिकवणी थोडक्यात होती. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला घोडा म्हणायचं. घोड्याच्या पाठीवर ग्रीस थापलेलं लोखंडी ताट असतं, ताटाला खाच. ट्रेलरच्या पोटाखाली जाडजूड खुंटा. घोडा मागं घेतला की खुंटा खाचेत शिरतो आणि जबडा मिटून त्याला धरतो.

"आन् जोडणाऱ्यानं देवाची आण घेतली तरी खाली वाकून सोता बघायचं. मग चावी फिरवायची."

"जोडणारा बाप असला तर, उस्ताद?"

"बाप असला तर दोनदा."

या नियमाला एकच अपवाद होता आणि तो कुठंच लिहिलेला नव्हता. खुद्द उस्तादांनी जोडल्यावर कुणी वाकायचं नाही. ते मडगार्डवर दोनदा थाप मारत, "बसला" म्हणत आणि गाडी निघे. त्यानंतर खाली वाकणं म्हणजे यजमानाच्या घरात वाढलेल्या ताटाचा वास घेऊन बघणं.

दोन वर्षांपूर्वी रेवणप्पांची साखर डोळ्यांत उतरली. लायसन गेलं. जिल्हाभर पवनचक्क्यांचं पीक आलेलं होतं, त्यांचे सुटे भाग या यार्डात येऊन पडत. तिथं घोडे जोडून द्यायच्या कामावर रेवणप्पा लागले. उजवा डोळा गेला होता, डावा जायच्या वाटेवर होता. हे आयुबला माहीत होतं आणि यार्डाला माहीत नव्हतं. माहीत झालं असतं तर उस्ताद घरी बसले असते, आणि घरी बसलेले उस्ताद फार दिवस टिकणार नाहीत, असं आयुबला वाटे.

त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर रेवणप्पांनी बिस्कीट बुडवलं ते आयुबच्या ग्लासात.

"उस्ताद, त्यो माझा चहा."

"ठावं हाय. माझ्यात साखर नसती, म्हणून तुझ्यात बुडवलं."

दोघंही खूप हसले. आयुबचं हसू घरी पोचेपर्यंत संपलं.

शनिवारी सकाळी पवनचक्कीच्या खांबाचा तळाचा तुकडा न्यायचा होता. चाळीस टन. वाटेत मोठा उतार आणि उताराच्या पायथ्याला रस्त्यालगत जिल्हा परिषदेची शाळा. यार्डाचा तरुण इंजिनिअर शिवानंद हातात टॅब घेऊन उभा होता. टॅबवर सुरक्षिततेचे बेचाळीस चौकोन होते.

आयुबनं घोडा सरळ रेषेत मागं घेतला. जोड नीट बसला की दोन आवाज येतात: एक खुंटा आत गेल्याचा, एक जबडा मिटल्याचा. त्या दिवशी एकच आला. रेवणप्पांनी हात हलवला. आयुबनं ट्रेलरचा ब्रेक लावून पहिल्या गिअरवर हळूच ओढून बघितलं. ट्रेलर सुटला नाही.

"बसला." थाप. थाप.

"उस्तादांनी बघितलं ना?" शिवानंद म्हणाला. "मग झालं." आणि त्यानं सलग नऊ चौकोनांत खुणा केल्या.

आयुब चावीवर हात ठेवून बसून राहिला. शनिवारची शाळा सकाळची असते. त्यानं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि उतरला.

"काय रं?" रेवणप्पांनी विचारलं.

"मोबाईल पडला उस्ताद, खाली."

खाली शिरून त्यानं खिशातल्या मोबाईलचाच उजेड मारला. ताट आणि ट्रेलरचं पोट यांच्यात बोटभर फट होती. आदल्या दिवशी कुणीतरी ट्रेलर पायांवर जास्तच उंच उचलून ठेवला होता, त्यामुळं खुंटा खाचेत न उतरता वरच्या कडेवर अडकला होता. जबडा उघडाच. हळू ओढलं तर धरल्यासारखं वाटावं आणि उतारावरच्या पहिल्या खड्ड्यात सुटावं, असा तो प्रकार.

सगळं स्वतःवर घ्यायचं ठरवूनच तो बाहेर आला.

"घोडा वाकडा लागला माझ्याकडनं. परत लावतो, दोन मिनिटं."

रेवणप्पा जवळ आले.

"मोबाईल घावला?"

"व्हय."

"आन् त्यो हुडकायला उजेड कशाचा मारलास?"

आयुबनं मोबाईल खिशात सारला.

"आयब्या, मला खुंटा दिसत न्हाय आता. उजेड दिसतो अजून." मग ते शिवानंदकडं तोंड करून, जरा चुकीच्या दिशेला, मोठ्यानं म्हणाले, "साहेब, लिव्हा तुमच्या पाटीवर. जोड बसला नव्हता. म्या बसला म्हणालो."

"तसा चौकोन नाही काका यात," शिवानंद म्हणाला.

आयुबनं घोडा पुढं घेतला, पाय आखडून ट्रेलर खाली आणला, घोडा परत लावला. खट्ट. खट्ट.

"दोन," रेवणप्पा म्हणाले. "मगाशी मलाबी एकच ऐकू आला. दुसरा आला न्हाय तवा वाटलं, डोळ्यामागनं कानबी गेलं. ते कुणाला सांगायचं, म्हणून बसला म्हणालो."

त्यांनी कमरेची टॉर्च काढून आयुबच्या हातात दिली आणि एसटीसाठी रस्त्याच्या दिशेनं निघाले. आयुब मागं गेला तर हातानंच त्याला थांबवलं. शिवानंदनं वर कळवलं. चौकशी होईपर्यंत गाडी जागेवर ठेवा, असं उत्तर आलं. चौकशी मंगळवारी आटोपली. रेवणप्पांना कामावर येऊ नका म्हणून कळवण्यात आलं.

त्याच संध्याकाळी आयुब तेरला गेला. शिव्या खायच्या तयारीनं गेला. शिव्यांचा रेवणप्पांकडं चांगला साठा होता. ते ओसरीवर बसले होते.

"या, बसा आयुबभाई. लांबून आलात तुम्ही."

बावीस वर्षांत आयब्या, गाढवा, सुक्काळीच्या, एवढ्याच नावांनी हाक आली होती.

"उस्ताद, दोन थोबाडीत हाणा."

"कशाला? बरोबर केलंत. बघायलाच पायजे."

"तुमीच शिकवलं."

"व्हय. चांगलं शिकवलं." रेवणप्पांनी आत हाक मारली, "गिरिजा, पाव्हण्यांना चहा. साखर किती लागती तुम्हाला?"

आयुबनं चहा घेतला. गोड होता की नव्हता, त्याला सांगता आलं नसतं. निघताना उस्तादांची बायको गिरिजाबाई फाटकापर्यंत आल्या. "शनवारनंतर रोज सकाळी डबा भरून मागत्यात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "भरून देते. मग त्यो मांडीवर घिऊन हितंच बसत्यात, पार दुपारपत्तर."

बुधवारी सकाळी आयुब यार्डात गेला. घोडा शनिवारसारखाच ट्रेलरला जोडलेला उभा होता. उस्तादांची टॉर्च घेऊन तो खाली शिरला. जबडा मिटलेला, ताटावर फट नाही. बाहेर आला आणि परत खाली शिरला. दुसऱ्यांदाही जबडा मिटलेलाच होता.

"आयुबभाई, घोडा सोडवा," शिवानंद ऑफिसातून कागद हलवत येत म्हणाला. रस्त्यावरून एवढं लांब ओझं न्यायची परवानगी त्या कागदावर होती. शनिवारीही हाच कागद होता. बेचाळीस चौकोनांत तो वाचायचा चौकोन नव्हता.

आयुबनं ट्रेलरचे पाय जमिनीला टेकवले, हवेचे पाइप काढले, जबडा उघडायचा दांडा ओढला आणि घोडा पुढं घेतला.

परवानगी पुढच्या महिन्याची होती.