सर्वांनामधला 'ना'

चिमणीची आज व्याकरणाची तोंडी परीक्षा होती. चुकली, तर मैत्रिणीशेजारची जागा सोडून बाईंच्या टेबलासमोर बसायचं होतं, आणि तिचं घोडं एकाच ठिकाणी अडत होतं.

"द्वितीयेलाही 'ना', चतुर्थीलाही 'ना'. ओळखायचं कसं गं, आजी?" बसच्या खिडकीशी बसून ती कुरकुरली.

आजीने जन्मभर मुलांना लॅटिन शिकवलं होतं. तिने भलतंच विचारलं, "या गाडीला बस का म्हणतात, सांग बघू."

"आपण बसतो म्हणून."

"म्हणजे मी 'उभी'तून चाललोय," शेजारी दांडा धरून उभे असलेले काका म्हणाले.

आजी हसली. "लॅटिनमध्ये 'सर्वांना' याला ओम्निबुस म्हणतात. गाडी सर्वांना खुली, म्हणून तिचं नाव पडलं ओम्निबस. पुढे एवढं लांब नाव घ्यायचा लोकांना कंटाळा आला. त्यांनी धड उडवलं आणि शेपूट ठेवलं."

चिमणीने मनाशी जुळवून पाहिलं. "म्हणजे 'सर्वां' गेलं आणि 'ना' राहिलं? आपण 'ना'मध्ये बसलोय?"

"नुसत्या प्रत्ययात."

"द्वितीयेच्या की चतुर्थीच्या?"

"चतुर्थीच्या. लॅटिनमध्ये दोघींची शेपटं वेगळी. 'सर्वांना पाहिलं' म्हटलं तर ओम्नेस. 'सर्वांना जागा दिली' म्हटलं, तर ओम्निबुस."

चिमणी पुटपुटू लागली, "कंडक्टरने काकांना ढकललं, इथे बस नाही. कंडक्टरने काकांना तिकीट दिलं, इथे बस."

"मी कुणाला ढकललं गं?" मागून कंडक्टरने विचारलं.

"उदाहरणात ढकललंत."

"मग तिकीटही उदाहरणातच देतो," कंडक्टर म्हणाला. काकांनी निमूट सुटे पैसे काढले.

वर्गात बाईंनी चिमणीला वाक्य दिलं, 'आईने मुलांना उठवले.' 'मुलांना'ची विभक्ती सांगायची होती.

चिमणीने डोळे मिटले. "इथे बस लागत नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

"बस लागते तुला?" बाई काळजीने उठल्या. "पाणी हवंय का?"

"मला नाही लागत, बाई. चतुर्थीला लागते. ही द्वितीया."

"उत्तर बरोबर आहे. जागेवर बस," म्हणता म्हणता बाई थबकल्या. "पण ही बसची काय भानगड आहे?"

"आत्ता तुम्ही म्हणालात ती 'बस' मराठी, बाई. माझी लॅटिन," चिमणी म्हणाली, आणि मैत्रिणीशेजारी जाऊन बसली.