अधूनमधून

शार्शेनच्या पाळीला मेंढी गेली की तो एकच उत्तर देई. लांडगा अधूनमधून येतोच, त्याला कोण काय करणार?

गावात आळीपाळीने एकेक घर सगळ्यांच्या मेंढ्या कुरणावर नेई. मेंढ्या सगळ्यांच्याच पाळीला चरत, जात मात्र शार्शेनच्याच पाळीला. शेवटी गावातला म्हातारा सागिन शार्शेनची बायको बुरुल हिला म्हणाला, "सूनबाई, ज्याचा नेम नाही, त्याला अधूनमधून म्हणतात. गारा पडतात अधूनमधून, पाहुणे येतात अधूनमधून. हा लांडगा तर तुझ्या नवऱ्याची पाळी बघून येतो. पुन्हा मेंढी गेली तर तुमच्या मेंढ्या गावच्या कळपात नकोत."

बुरुलच्याही मनात पाल चुकचुकली होतीच. पाळीच्या दिवसांत नवरा जेवायचा नाही, विचारलं की अंगावर यायचा. रस्त्यावर खाटकाची गाडी उभी राहत असणार, दुसरं काय? इतकी वर्षं ज्याच्याशी संसार केला तो चोर निघावा, याची तिला लाज वाटत होती आणि रागही येत होता.

पुढच्या पाळीला ती गुपचूप मागोमाग गेली आणि खडकाआड बसली. गाडी आलीच नाही. दुपारी झुडपांतून लांडगा बाहेर आला, अगदी उजेडात. शार्शेनने त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि रोटीचा तुकडा फेकला.

"बोरोय, इकडे काय करतोस? जा, मेंढ्या वळव."

बोरोय, त्यांचा कुत्रा, तर पलीकडे ओढ्याशी होता.

बुरुल किंचाळत धावली. लांडगा पळाला, पण एका मेंढीचा गळा फाडूनच. शार्शेन काठी उगारून तिच्याच दिशेला वळला. "कोण आहे?"

"मी आहे हो."

त्याने काठी खाली केली. डोळ्यांपुढे गेल्या हिवाळ्यापासून धुकं होतं, म्हणाला. "गावात सांगू नकोस. चोर म्हणू देत. चोराचा घोडा तरी काढून घेत नाहीत, आंधळ्याचा घेतात."

संध्याकाळी वेशीवर सागिन उभाच होता. मेलेली मेंढी घोड्यावर आडवी पाहून त्याने विचारलं, "काय, अधूनमधूनवाला आला होता वाटतं?"

शार्शेनने मान खाली घातली. बुरुलने त्याचा हात घट्ट धरला.

"आला होता," ती म्हणाली. "ह्यांना दिसला नाही."

शार्शेनने हात सोडवून घेतला.