कंबर, साडेबावीस

आई शिवते. ती माप बोलते, मी वहीत लिहिते.

छाती अडतीस. कंबर चौतीस.

"तीसच लिही गं," पोस्टातल्या काकू म्हणतात. "मला मेलीला पाणी प्यायलं तरी अंगी लागतं. आणि ही बघा! काय करतेस तरी काय?"

"काही नाही."

खरंच. डबा शाळेमागच्या कुत्र्याला. रात्री आईला सांगायचं, मैत्रिणीकडे खाऊन आले. मैत्रीण नाहीच. कुत्रा मात्र गोल झालाय.

काकू जातात. मग मी. शाळेचा स्कर्ट आत घ्यायचाय, यंदा तिसऱ्यांदा.

जूनमध्ये सव्वीस.
सप्टेंबरात चोवीस.
आज गुरुवार, आणि

आई आकडा बोलत नाही. फीत काढते, पुन्हा लावते.

"साडेबावीस."

लिहिते. आनंद होईल असं वाटलं होतं. पेन चाललं, एवढंच.

"फीत ताणली गेलीय," आई म्हणते. "जुनी झाली की कमी दाखवते. तरीच काकूंचा मागचा ड्रेस घट्ट झाला."

म्हणजे मी वाचले. म्हणजे वीसपर्यंत जाता येईल.

ती कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी फीत आणते. दोन्ही फिती टेबलावर शेजारी शेजारी ठेवते, टोकाला टोक, वर कात्रीचं वजन. अंगठा फिरवत जाते. दहा. वीस. साठ.

रेघेला रेघ.

दुसऱ्या टोकापासून पुन्हा. तेच.

"दुकानदाराने जुनाच माल दिला असेल," मी म्हणते. "तीही ताणलेली."

तिला हे पटवून घ्यायचं होतं. दिसत होतं. क्षणभर पटलंही असावं.

"चिमणे."

तिने माझं मनगट धरलं. फीत न लावता, नुसत्या बोटांनी. अंगठा मधल्या बोटावर चढून बराच पुढे गेला.

"शेवटचं कधी खाल्लंस?"

खोटं तयार होतं. त्याला मैत्रिणीचं नाव लागतं. मागच्या वेळी कोणतं सांगितलं होतं, आठवेना.

आई उठली नाही. मशीनचा दिवा चालूच. मी बोलेपर्यंत ती हलणार नाही, हे मला कळलं, लांबून, दुसऱ्या कुणाबद्दल कळावं तसं.

"रविवारी," मी म्हणाले. "अर्धं सफरचंद."

ती ओरडली नाही. दिवा बंद केला.

"चप्पल घाल. दवाखाना सातपर्यंत असतो."