माझे मुके ठोके

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे. चार जाड तारा, लांब मान आणि कोपऱ्यांवर उडालेला रंग, एवढाच माझा ऐवज. कारखान्यातून निघाले ती थेट पुण्यातल्या कॅम्पात एका हॉटेलच्या बँडमध्ये गेले. तिथे लोक जेवता जेवता मला ऐकत, म्हणजे खरं तर जेवतच. तरी माझा आवाज खर्जातला, भरदार, आणि त्याचा मला भारी तोरा होता. पुढे बँड मोडला आणि वल्लरी नावाच्या मुलीने मला विकत घेऊन नारायण पेठेतल्या घरी आणलं.

वल्लरी दिवसभर नोकरी करायची आणि संध्याकाळी माझ्यावर हात बसवायची. तिचे शिक्षक सौमित्र यांनी तिला एक निराळीच गोष्ट शिकवली. डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती टेकवायची, दाबायची नाहीत, आणि उजव्या हाताने तार छेडायची. मग स्वर उमटत नाही, नुसता 'ठप' असा मुका ठोका पडतो. त्याला घोस्ट नोट म्हणतात. भरल्या स्वरांच्या मधे असे ठोके पेरले की गाणं चालू लागतं, असं सौमित्र सांगत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एवढा गळा असताना चारचौघांत खोकायचं म्हणजे काय! वल्लरी तेच घोटत बसे आणि मी लाजेने अर्धी होई.

तिचे वडील श्रीनिवासराव, निवृत्त संस्कृत शिक्षक. जन्म मुलांचे उच्चार सुधारण्यात गेलेला, त्यामुळे नीट उमटलं नाही ते चुकलं, हे अंगात मुरलेलं. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसत. 'ठप' आलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. गंमत म्हणजे त्याच ठोक्यांवर त्यांचा पाय हलत असे आणि त्याचा त्यांना पत्ताच नसे. मुलगी दुखावेल म्हणून ते तिला काही बोलत मात्र नसत.

गणपतीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये कार्यक्रम ठरला. सोसायटीतली नीरजा गाणार, वल्लरी मला वाजवणार. ती पहिल्यांदाच लोकांपुढे उभी राहणार होती. ओळख करून देण्याचं काम श्रीनिवासरावांकडे आलं. लोकांनी नावं ठेवण्याआधी आपणच सांगून टाकलेलं बरं, असं त्या भल्या माणसाला वाटलं. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "वल्लरी अजून शिकते आहे. तिचे मधले काही स्वर लागत नाहीत. आपण सांभाळून घ्यावं, ही विनंती."

लोक हसले. पहिल्या रांगेतल्या सुशीलाबाई शेजारणीला म्हणाल्या, "मग लागल्यावर बोलवायचं ना."

माझ्या मानेवर वल्लरीची बोटं घट्ट आवळली. गाणं सुरू झालं आणि तिने एकही मुका ठोका वाजवला नाही. सगळे गाळले. फक्त भरलेले स्वर. मला वाटलं, सुटले एकदाची. पण गाणं चालेना. स्वरांच्या मधे भोकं पडली. नीरजा एकदा पुढे धावली, एकदा मागे राहिली. टाळ्यांचा ठेका विस्कटला आणि मग थांबलाच. श्रीनिवासरावांचा पायही थांबलेला मी पाहिला. इतक्या भरदार आवाजात मी कधी बोलले नव्हते आणि इतकी शरमही मला कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर वल्लरीने मला पिशवीत घातलं आणि कपाटावर टाकलं. त्या कार्यक्रमाचा विषय पुन्हा घरात निघाला नाही. चहा घेतलास का, पाणी आलं का, एवढंच बापलेकींचं बोलणं.

दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा श्रीनिवासरावांनी मला खाली काढलं. धूळ पुसली आणि इकडेतिकडे बघत मांडीवर घेतलं. तार दाबण्याएवढा जोर त्यांच्या बोटांत नव्हता. छेडली की नुसतं ठप. पुन्हा ठप. आणि पाय हलू लागला. या वेळी तो हलताना त्यांना दिसला. बिचारे आपल्याच पायाकडे बघत बसले.

वल्लरी ऑफिसातून येऊन दारात उभी होती. ते वर न बघता म्हणाले, "तू ते ठोके गाळलेस आणि माझा पाय थांबला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. चूक नव्हतीच ती, आणि मी ती माईकवरून सगळ्यांना सांगितली. वर्गात कुठल्या पोराला मी असं उभं केलं नाही. मला लाज वाटते, वल्लरी. पुढच्या गणपतीत माईक माझ्या हातात देऊ नकोस."

"देईन की," वल्लरी म्हणाली. "बटण बंद करून."

मग ती त्यांच्याजवळ बसली. "बाबा, बोटं अजून हलकी ठेवा. नुसती टेकवा."

मित्रांनो, आम्हा वाद्यांना धुळीपासून जपा, तारा पुसून ठेवा, हे तर मी सांगेनच. पण आपल्या माणसासाठी चारचौघांत माफी मागण्याआधी एकदा त्याला विचारा, बाबा रे, तू हे काय वाजवतो आहेस? मी तर माझ्याच ठोक्यांची लाज बाळगत आले. आता वल्लरीची बोटं तारेवर टेकली की मी खुशाल खोकते, आणि बाहेरच्या खोलीत पेपर बाजूला ठेवल्याचा आवाज येतो.