एक उतारू जास्त

गौतमीनं उत्तर तिसऱ्यांदा खोडलं तेव्हा वहीचं पानच फाटलं. शिरूरहून सुटलेली दौंड एसटी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली होती. शेजारी कंडक्टर, म्हणजे तिचे वडील महेंद्र, तिकिटं संपवून टेकले होते. उद्या फिजिक्सचा पेपर, आणि विज्ञान सोडून आर्ट्सला जायचा अर्ज तिच्या दप्तरात भरून तयार होता. तिनं तो काढून त्यांच्यापुढे धरला.

“पप्पा, सही करा. मला न्हाई जमत.”

महेंद्रनं अर्ज वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

“अडलंय कुठं?”

“विजेचा चार्ज बंद डब्याच्या बाहेर ठेवलाय. डब्यातून एकूण फ्लक्स किती, म्हंजे त्याच्या रेषा किती? पुस्तक म्हणतंय शून्य. पण त्याच्या रेषा डब्यात शिरत्यात की!”

“शिरत्यात. बाहेर पडत न्हाईत व्हय?”

हा नियम मांडणारा गाउस कोण हे महेंद्रला ठाऊक नव्हतं. पण चढणारे-उतरणारे मोजण्यात त्यांचा हात धरणारं डेपोत कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

“गाडी शिरूरला रिकामी निघाली, दौंडला रिकामी झाली. चढले तेवढेच उतरले. फाट्यावर जत्रा का भरंना! आत कोण कुठं बसलं, मला काय करायचंय? मी दारात मोजतो.”

गौतमीनं वहीतल्या डब्यात शिरणाऱ्या रेषा पलीकडून बाहेर काढल्या.

“आन् उतरणारे जास्त भरले तर?”

“तर मूळ आतच हाय.” ते हसले. “एकदा भरले. त्रेपन्न चढले, चौपन्न उतरले. दौंडला तपासणीचे साहेब मोजून मोजून घायकुतीला आले. म्हणाले, हा विनातिकीट उतारू कुठं चढला? म्हटलं, साहेब, आईशपथ, कुठंच न्हाई.”

“मग आला कुठनं?”

“त्या दिवशी न्हावऱ्याला तुझी आई चढली होती. बाळंतपणाला, दौंडच्या दवाखान्यात जायला.”

गौतमीचं पेन थांबलं. तिला हसू आलं, आणि का कोण जाणे, डोळेही भरून आले. तिनं नवं पान काढलं. पहिल्या गणिताखाली शून्य लिहिलं, आणि चार्ज डब्याच्या आत असलेलं पुढचं गणित न विचारता सोडवायला घेतलं.

न्हावरं आलं. सात जण उतरले. ती शेवटची.

“मला मोजलंत का?”

“तुला तवाच मोजलंय.”

महेंद्रनं डबल बेल दिली. गाडी वळणाला गेली तेव्हा त्यांना खिशातला अर्ज आठवला. तिनं तो मागितलाच नव्हता.