जपानी पाहुणीचे ‘कारे’

मी एक जुनी शेवयांची मशीन आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखी एखादी कुणाच्या तरी माळ्यावर, पोत्यात गुंडाळलेली पाहिली असेल. अंग बिडाचे, जाळी पितळेची आणि बाजूला एक दांडा. सावनेरच्या बाजारातून मी एका नव्या सुनेबरोबर नागपुरात आले. तेव्हापासून मला स्वस्थ बसणे ठाऊक नाही. खाटेच्या कडेला मला कितीही कसून बसवा, थोडे फिरवले की माझा स्क्रू सैल होतो आणि मी डुगडुगू लागते. “हिच्या अंगात वारं हाय,” असे ती सून म्हणत असे. पुढे ती सासू झाली, तरी माझे वारे काही गेले नाही.

उन्हाळा आला की गल्लीतल्या बाया सकाळीच जमत. एकजण पिठाचा गोळा माझ्या तोंडात दाबी, दुसरी दांडा फिरवी, तिसरी खाली हात धरून शेवया झेली. लग्नघरी तर मला हळदकुंकू लावल्यावाचून पहिला गोळा पडत नसे. मग बाजारात पाकिटे आली आणि मी माळ्यावर गेले. तिथे मला चांगली झोप लागली असेल, असे तुम्हाला वाटेल. नाही लागली. खाली भांडे वाजले तरी वाटे, आता मलाच काढत आहेत.

यंदाच्या एप्रिलात खरेच काढले. त्या सासूबाई आता नाहीत. काढले ते त्यांच्या सुनेने, वंदनाबाईंनी. शेवयांची घरात कुणाला फार गरज होती असे नाही. हात रिकामे राहिले की वंदनाबाईंचा जीव घाबरा होत होता, म्हणून त्यांनी काम काढले.

त्यांची लेक वेदिका नागपूरच्याच सदर भागातल्या एका क्लासमध्ये जपानी शिकली होती. जपानमधल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्याचे काम तिला मिळत होते. पण मुलीच्या आईवडिलांना घरी येऊन विचारल्याशिवाय तिला न्यायचे नाही, अशी त्या आश्रमाची रीत. त्यासाठी ओगावाबाई नावाच्या बाई नागपुरात आल्या होत्या. वडील गिरिधरराव तयार होते. मायलेकी मासमटण न खाणाऱ्या. वंदनाबाई ‘हो’ म्हणत नव्हत्या आणि ‘नाही’ही म्हणत नव्हत्या. तुळशीला पाणी घालताना, जपाची माळ ओढताना मध्येच थांबून एवढेच विचारत,

“तिथं खाशीन काय तू?”

“मिळते वं आई सगळं.”

“सगळं म्हणजे काय?”

यापुढे बोलणे सरकत नसे.

त्या सकाळी पाहुणी ठरल्या वेळेआधीच आली. वेदिका नेमकी दही आणायला गेलेली. मागच्या अंगणात खाट, खाटेवर धुतलेले धोतर आणि त्यावर माझ्या ओल्या शेवया. ओगावाबाई शेवयांपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, “उदोन.” मग गिरिधररावांकडे वळून, अगदी गोड हसून त्यांनी विचारले, “कारे?”

गिरिधरराव कन्हानकडच्या खाणीत फोरमन. तिथे त्यांना ‘अहो’शिवाय कुणी हाक मारत नाही.

“काय म्हणाली ही?”

“पाहुणी हाय. जाऊ द्या,” वंदनाबाई हळूच म्हणाल्या.

ओगावाबाईंनी हाताची वाटी केली, तोंडाकडे नेली आणि पुन्हा विचारले, “कारे? कारे?”

“पाह्य वं. पोरगी अजून दिली नाही तर बापाले का रे म्हणून राहिली. दिल्यावर काय म्हणन?”

“तुमी आधी अरे म्हटलं असन.”

“मी काहून अरे म्हणतो? मी नमस्कार केला.”

अरेला कारे एक वेळ ठीक. नमस्काराला कारे मात्र त्यांच्या डोक्यात बसेना. माझा दांडा वंदनाबाईंच्या हातात होता. आत गोळा नसतानाच त्या तो फिरवू लागल्या.

वेदिका दही घेऊन आली तेव्हा बाबांचे तोंड फुगलेले. काय झाले ते ऐकून ती फाटकाच्या पायरीवरच बसली आणि पोट धरून हसली.

“बाबा, कारे म्हणजे रस्सा. आपण करी म्हणतो ना, तिले ते कारे म्हणतात. उदोन म्हणजे जाड शेवया. ह्या शेवया रश्श्यात घालता का, असं विचारून राहिल्या त्या.”

“मंग सरळ रस्सा म्हणावं,” असे म्हणत गिरिधररावांनी पाहुणीकडे खुर्ची सरकवली.

मग ओगावाबाई बोलत गेल्या आणि वेदिका मराठीत सांगत गेली. हा रस्सा म्हणे आपल्याच देशातून इंग्रजांच्या हाताने वळसा घेत तिकडे पोचला. आता तो तिथे घरोघरी शिजतो. दाट, जरा गोडसर, बटाटा-गाजराचा, भातावर ओतलेला. शाळेत ज्या दिवशी कारे असते, त्या दिवशी मुलांचे लक्ष फळ्याकडे नसते. शेवयांचे तर विचारूच नका. स्टेशनात उभ्याने खातात, उन्हाळ्यात गार करून खातात, वर्ष सरताना लांब आयुष्यासाठी म्हणून खातात. आश्रमातल्या ज्या आजोबांना दात नाहीत, ते रश्श्यात बुडवलेल्या शेवयांच्या वाटीसाठी अजून रुसतात.

“गोड रस्सा,” गिरिधरराव पुटपुटले. ते झणझणीत सावजी रश्श्याच्या गावचे माणूस. “बिचारे.”

मी मात्र ऐकतच राहिले. इतकी वर्षे मला वाटे, मी एका गल्लीची. आणि तिकडे एक सगळा देश शेवयांसाठी ताटकळत उभा असतो.

वंदनाबाईंनी माझी बारीक जाळी काढून मोठ्या भोकांची बसवली. जाड शेवया पाडून उकडल्या. बटाटा-गाजराचा रस्सा केला, कणीक लावून दाट केला आणि त्यात गुळाचा खडा टाकला. ओगावाबाईंनी चव घेतली, मान डोलावली. तेव्हा वंदनाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

“विचार तिले, तिथल्या रश्श्यात काय काय असते. खरं सांगा म्हणा.”

वेदिकाने विचारले. ओगावाबाई पुष्कळ बोलल्या. त्यांचे बोलून झाले तरी वेदिका मराठीत काही सांगेना. मित्रांनो, ती शांतता माझ्याने सोसवेना. तिच्याशिवाय तिथे दोन्ही भाषा कुणाला येत नव्हत्या. ती काहीही सांगू शकत होती आणि तेच खरे ठरले असते. आई तिच्या तोंडाकडे पाहत होती.

“आई,” ती शेवटी म्हणाली, “तिथं शेवयांच्या पाण्यात बहुतेक मासोळी असते. रश्श्याच्या तयार वड्या मिळतात, त्यात जनावराची चरबी असते. माह्यासाठी वेगळं करता येईन, पण रोज जमनच असं वचन त्या देत नाहीत. कधी कधी नुसत्या भातावर राहावं लागन.”

“झालं,” म्हणत गिरिधररावांनी कपाळाला हात लावला.

वंदनाबाई म्हणाल्या, “पानं घ्या.”

त्यांचे एक रोजचे व्रत आहे. पानावर बसल्यापासून हात धुईपर्यंत त्या शब्द उच्चारत नाहीत. पाहुणीला ते काय ठाऊक? तिने वाटी उचलली आणि असा भुरका मारला की सावलीत निजलेले कुत्रे उठून बसले. तिकडे शेवया अशा आवाज करून खाल्ल्या की करणारीला बरे वाटते म्हणे.

“अस्सं,” गिरिधरराव म्हणाले. “आन् मी कढीचा भुरका मारला की तुमी मायलेकी डोळे वटारता.”

अर्धी वाटी झाल्यावर ओगावाबाईंनी ती खाली ठेवली, पाठ ताठ केली आणि विचारले. वेदिकाने बारीक आवाजात सांगितले, “त्या विचारतात, मले पाठवता का?”

वंदनाबाई बोलल्या नाहीत. वेदिकाने घाईघाईने व्रताचे सांगून टाकले. ओगावाबाईंनी मान लववली आणि त्या वाट पाहू लागल्या. गिरिधररावांचा पाय हलत होता. वेदिका पानातली एकच शेवई इकडून तिकडे सारत होती. आणि वंदनाबाई एकेक घास सावकाश चावून खात होत्या.

मग त्यांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली, डोळे मिटले आणि भुरका मारला. लहानसा, लाजरा, मध्येच तुटलेला. लगेच ठसका लागला. वेदिका पाठ चोळू लागली.

त्या उठल्या, हात धुतले, चूळ भरली.

“तिले सांग, घेऊन जा म्हणा माही पोरगी.” मग वेदिकाकडे पाहून म्हणाल्या, “मासोळीचं तुले लपवता आलं असतं. लपवलं नाहीस. तिथं उपाशी राहिलीस तरी मले खरं सांगशीन तू.” आणि पदराला हात पुसत, “उपाशी राहू मात्र नको.”

वेदिका हे जपानीत सांगू लागली. ओगावाबाईंनी तिला, समजले, बोलू नको, अशी खूण केली.

ऑगस्टात वेदिका गेली. ती फोनवर खरेच सांगते. परवा म्हणाली, “आज नुसता भात खाल्ला, आई. दुसरं करायला जीवच नव्हता.” वंदनाबाईंनी फोन ठेवला आणि भर पावसाळ्यात मला खाली काढले. या हवेत शेवया वाळणार नाहीत, हे त्यांनाही कळत होते. तरी त्या दांडा फिरवत राहिल्या. माझा स्क्रू सुटत होता, त्या पुन्हा कसत होत्या.

त्यानंतर त्यांनी जाळी ओली असतानाच सुईने साफ केली, मला पुसले, गोडे तेल लावले आणि माळ्यावर न ठेवता स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवले. मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणी जुने असेल. तेल आणि फडके दिले की आमचे भागते असे समजू नका. घरातले कोण आज जेवले आणि कोण नाही, एवढे ऐकू येईल इतक्या जवळ आम्हाला ठेवा.