गोड पाण्याची कॅन

"नोको पाजू! किती खेप सांगू तुले?"

धर्मेंद्र दारातूनच ओरडला, तेव्हा पदराखालची हर्षा नुकती कुठे चोखायला लागली होती. दोन महिन्यांची पोर ती. दीपमालानं तिला बाजूला केलं तशी तिनं रडून घर डोक्यावर घेतलं.

"भूक लागली तिले. अन् मलेबी दाटून आलं, दुखून राहिलं," दीपमाला रडवेली होऊन म्हणाली.

"मोरीत पिळून टाक."

आता सांगा, कोणता बाप असं बोलेल? पण धर्मेंद्र वाईट माणूस नव्हता. अकोल्याजवळच्या खारपाणपट्ट्यातल्या त्या गावात लेकीवर इतका जीव टाकणारा दुसरा बाप शोधून सापडला नसता. तो लोकांच्या वावरात कपाशीवर औषध फवारायचा. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, बस्स. गेल्या हंगामात त्याला विषबाधा झाली, तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यात एक शिकाऊ डॉक्टर बोलता बोलता म्हणाला होता की औषध कातडीतून रक्तात जातं. ते वाक्य त्याच्या डोक्यात घर करून बसलं. फवारणीचे त्याचे कपडे दीपमाला हातानं धुवायची, गरवार असतानाही तिनंच धुतले. म्हणजे औषध तिच्या रक्तात गेलं, रक्तातून दुधात, अन् आता दुधातून पोरीत. त्याची झोपच उडाली.

"अरे, तुले म्या कपाशीच्या धुऱ्यावर बसून पाजलं," त्याची आई सुंदराबाई म्हणाली. "काई झालं का तुले?"

"तवाची औषधं येगळी होती, माय. तू मधात बोलू नोको."

दुधाच्या पावडरचा डबा घरात आला. पण पावडर कालवायची कशात? गावच्या बोअरचं पाणी असं खारट, की त्यात डाळसुद्धा धड शिजत नाही. गोड पाणी होतं ते गावातले मोठे बागायतदार खुशालराव यांच्या मळ्यातल्या फिल्टरचं. ते आणायला धर्मेंद्रनं कॅन काढली.

फवारणाऱ्याचा गावात एक हक्क असतो. औषधाची कॅन रिकामी झाली की ती त्याची, मालक परत मागत नाही. धर्मेंद्र त्या धुऊन गावात वाटायचा. कुणी त्यातून वावरात पाणी न्यायचं, कुणी घासलेट ठेवायचं. लेकीसाठी त्यानं त्यातली सगळ्यात चांगली निवडली, पांढरी, घट्ट झाकणाची. राखेनं घासली, साबणानं विसळली, उन्हात वाळवली, मग नाक खुपसून वास घेतला. वास नव्हता. रोज संध्याकाळी तो त्यात पाणी भरून आणायचा. दीपमाला ते उकळून, गार करून पावडर कालवायची. सुंदराबाईनं एकदा चहापुरतं घेतलं, तर केवढा तमाशा केला त्यानं! पोरीचं पाणी होतं ते.

दीपमालाचं दूध हळूहळू आटलं. धर्मेंद्रला हायसं वाटलं.

मग हर्षाच्या तोंडातून लाळ गळायला लागली. हातपाय ढिले पडले आणि एका सकाळी तिनं मानच टाकली. दोघांनी ऑटो करून तिला अकोल्याला नेलं. धर्मेंद्रनं कॅनही बरोबर घेतली. दवाखान्याच्या पाण्यावर त्याचा भरवसा नव्हता.

"बाळाला दूध कोणतं देता?" सिस्टरनं विचारलं.

"डब्याचं. अन् पानीबी साधं नाई, फिल्टरचं हाय," धर्मेंद्रनं कॅन पुढे केली. "घरूनच आनलं."

सिस्टरनं कॅन हातात घेऊन फिरवली. "ही कशाची आहे?"

"औषधाची. पन धुतेल हाय."

बोलला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं.

"आईचं दूध का तोडलं?"

"ते माये फवारनीचे कपडे धुते, सिस्टर. मले वाटलं, तिच्या दुधात..."

"अहो दादा, तरीही तेच पाजायचं होतं." सिस्टर हळूच म्हणाली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी धावपळ केली. दीपमालानं पोरीला कितीदा तरी छातीशी लावलं. पण पोरीला चोखायचं बळ नव्हतं आणि आईला दूध नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हर्षा गेली.

घरी जायला दवाखान्याच्या फाटकाबाहेर ऑटो थांबवला तेव्हा ओतून रिकामी केलेली कॅन धर्मेंद्रच्या हातातच होती. नळाजवळ एक म्हातारी उभी होती, कुठल्या तरी खेड्यावरून आलेली.

"बापू, रिकामी हाय का ते कॅन? मले दे ना. पोरगा भरती हाय माया, त्याले पानी न्याले काईच नाई."

धर्मेंद्रनं कॅन खाली टाकली आणि तिच्यावर जोरानं पाय दिला. ती चेपली. पाय उचलला तशी टक्कन पुन्हा फुगली. त्यानं पुन्हा पाय दिला, पुन्हा तेच.

"काहून फोडून राहिला, बापा? चांगली तं हाय!"

"द्याची नाई, माय," तो कसाबसा म्हणाला. "कोनालेच द्याची नाई."

गावात घरोघरी त्यानंच वाटलेल्या कॅन होत्या. या वेळी बाया त्यातलंच पाणी ओतत असतील. तिथं जाऊन कुणाकुणाला काय सांगणार होता तो?

त्यानं कॅन उचलली आणि ऑटोत बसला. दीपमाला त्याच्याकडे पाहत नव्हती. तिच्या मांडीवर पांढऱ्या कापडात हर्षा होती, त्याच्या मांडीवर ती कॅन. खड्डा आला की दोघंही आपापलं घट्ट धरत होते.